ठासणीची बंदूक : पहिल्या अर्जापासून पहिल्या बारापर्यंत

अभिनंदन, शेठ! जमीन गेली, पैसे आले. बंगला झाला, थार झाली, गळ्यात साखळी झाली, घाटात बैलं पळवून झाली. वाढदिवसाचे फ्लेक्स चाकणच्या तळेगाव चौकापासून आंबेठाण चौकापर्यंत लागले. एकाच गोष्टीची उणीव राहिली आणि ती तुम्ही बरोबर ओळखलीत. बंदूक.

पिस्तुलाचा विषय काढलात तेव्हा वकीलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मग भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतली ठासणीची रायफल दाखवली. काळा फायबरचा दस्ता, वर दुर्बीण, आणि किंमत साधारण दोन-तीनशे डॉलरपासून पुढे. ‘मामा, ही पुढून भरायची, जुन्या जमान्यातली. हिला लायसन लागत नाही,’ असंही तो म्हणाला. त्याला रागावू नका. त्याने अर्धीच माहिती वाचली आहे, आणि ती अर्धी खरी आहे. फक्त तो देश वेगळा.

हे मार्गदर्शन तुमच्यासारख्या होतकरूंसाठी आहे. पायऱ्या क्रमाने चढा. मधली एखादी गाळलीत तर थेट पोलीस ठाण्यात उतराल, आणि तिथून पुढची वाट आम्ही शिकवत नाही.

पायरी १ : मॉडेल पसंत करा, मग विसरा

भाच्याने दाखवलेल्या रायफलीची कुळकथा ऐकून ठेवा, चारचौघांत सांगायला बरी पडते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम फक्त ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेला असतो. कल्पना अशी की शिकाऱ्याने जरा कष्ट घ्यावेत, पणजोबांसारखं एकाच बारावर भागवावं. १९८५ साली मिसूरी राज्यातल्या टोनी नाइट नावाच्या बंदूक कारागिराने एमके-८५ ही रायफल काढली. जुन्या बंदुकीत केप, म्हणजे ठोक्याने पेटणारी इवलीशी टोपी, नळीच्या बाजूला बसायची आणि आगीला वळसा घालून दारूपर्यंत जावं लागायचं. नाइटने केप दारूच्या बरोबर पाठीमागे, एका रेषेत बसवली. मग दुर्बीण आली, दारूच्या तयार वड्या आल्या, प्लास्टिकच्या वेष्टणातली गोळी आली. कष्ट टिकावेत म्हणून राखलेल्या हंगामात कष्टच उरले नाहीत, आणि नियम मात्र एकही मोडला नाही. अशा कामात आपणच हुशार, असा गैरसमज असेल तर काढून टाका.

तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा बहुतेक बंदुका पुराणवस्तूंमध्ये मोडतात, म्हणून तिथे त्या फारशी चौकशी न होता घरी येतात. तुमच्याकडे येणार नाहीत. आपला कायदा १९५९ चा. बंदूक पुढून भरता की मागून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्फोटाच्या जोरावर गोळी सुटली की ते अग्निशस्त्र, आणि अग्निशस्त्राला परवाना. शिवाय साध्या माणसाने परदेशातून बंदूक आणण्याचं दार आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यातच बंद झालं. म्हणजे नाइटसाहेबांनी तिकडे दुकान मांडलं त्याच सुमाराला आपण इकडे शटर ओढलं.

तेव्हा मॉडेल विसरा. तुमच्यापुढे निवडीचा त्रासच नाही. कागदोपत्री तिचं नाव एसबीएमएल : सिंगल बॅरल मझल लोडिंग. एक नळी, तोंडाकडून भरायची, आतून गुळगुळीत. गोळीला पीळ देणाऱ्या खाचा आत नाहीत, त्यामुळे तिला रायफल म्हणता येत नाही. गावात म्हणा, कोण नळीत डोकावून बघणार आहे? दुर्बीण नाही, फायबर नाही, रंगांचे पर्याय नाहीत, एक्स्चेंज ऑफर नाही.

पायरी २ : जात ओळखा

ठासणीच्या तीन जाती. दुकानात गेल्यावर ‘कोणती दाखवू?’ असं कुणी विचारणार नाही, पण माहिती असलेली बरी.

तोड्याची : जळत्या सुती दोराने दारू पेटते. शिवकाळात हिचाच वापर. हातात सतत विस्तव धरून उभं राहावं लागतं. आजूबाजूला पेंटशॉप, थिनरचे ड्रम आणि गॅसच्या टाक्या असताना हा हट्ट नको.

चकमकीची : गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडते. पडली तर.

केपाची : हीच घ्या. हिच्या मुळाशी एक स्कॉटिश पाद्री आहेत, अलेक्झांडर फोरसिथ. त्यांना बदकं मारायचा नाद. चकमक पेटल्याचा उजेड दिसताच बदकं उडून जायची. धर्मोपदेशकाने यातून वैराग्याचा धडा घ्यायला हवा होता. त्यांनी १८०७ साली ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, आणि त्यातूनच पुढे तांब्याची केप आली. दोनशे वर्षं झाली. आपण अजून तिथेच आहोत, कारण पुढे जायला परवाना लागतो.

पायरी ३ : पीक शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि चाकणमध्ये सर्वांत अवघड.

शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. ठासणीची बंदूक परवान्यावर मागायला तिथे एकच कारण नाव घेऊन लिहिलं आहे : पीक संरक्षण. तेही ‘खरंखुरं’. नकार देण्याजोगं काही नसेल तर अशा नागरिकाला परवाना द्यावा, असं कायदा सांगतो. म्हणजे १९५९ साली सरकारने शेतकऱ्याकडे पाहिलं, रानडुकराकडे पाहिलं आणि ठरवलं की या दोघांच्या भांडणात मिनिटाला एखादा बार काढणारी बंदूक पुरेशी आहे. डुकराचं मत घेतल्याची नोंद नाही.

सिंधुदुर्गात, रत्नागिरीत शेती संरक्षणाचे परवाने घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. तिथे भात आहे, नारळ आहे, वानर आहे, डुक्कर आहे, म्हणजे अर्जाला लागतं ते सगळं आहे. तुमच्याकडे काय आहे, शेठ? सातबारा काढा. निम्मा एमआयडीसीच्या नावावर, उरलेल्यावर शेड. शेडमध्ये नटबोल्ट. नटबोल्ट खाणारं डुक्कर वनखात्याच्या माहितीत नाही.

खचून जाऊ नका. तज्ज्ञ लोक पुढील उपाय करतात :

(अ) शेडच्या मागे, जनरेटर आणि कंपाउंडच्या मधे, मेथी पेरा. चार वाफे पुरे. ई-पीक पाहणीचं ॲप उघडून फोटो काढा. फोटोत कंटेनर येणार नाही असा कोन शोधा. चाकणमध्ये असा कोन सापडला तर तुमची नजर नेमबाजाची आहे.

(आ) मेव्हण्याच्या शेतावर हक्क सांगा. मेव्हणा आनंदाने तयार होईल, फक्त बंदूक त्याच्या घरी ठेवायची अशी अट घालेल.

(इ) स्वसंरक्षणाचं कारण द्या. मग कोणापासून, असा प्रश्न येईल. ‘स्क्रॅपचा ठेका मिळाला आहे’ हे उत्तर या पट्ट्यात सर्वांना समजतं, पण ते कागदावर लिहायचं नसतं.

(ई) ‘आमच्या पायरीला शोभतं म्हणून’ असं खरं कारण लिहू नका. त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही. उलट कलम १४ सांगतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून त्याला नाकारता येणार नाही. म्हणजे तुमच्या बंगल्याला, थारला आणि साखळीला या फाईलमध्ये शून्य मार्क. कटू आहे, पण कायदा कधी कधी असा भलताच वागतो.

आता एक गोष्ट हळूच सांगतो, मनाला लावून घेऊ नका. कलम १३ ज्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं तो माणूस तालुक्यात अजून आहे. भामा आसखेडच्या बाजूला, डोंगराच्या कडेला दीड एकर कसतो. कांदा चाकणच्या बाजारात आणून ओततो. रात्री डुकरं येऊन भुईमूग उकरतात. पीक खरंखुरं, डुक्कर खरंखुरं, नुकसान खरंखुरं. त्याने अर्ज केलेला नाही. त्याला सवड नाही. रात्रभर तो मचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवतो, आणि सकाळी झोपेच्या वेळेला कचेऱ्या उघडतात.

पायरी ४ : फाईल जाड करा

नमुना ए-१ चा अर्ज. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो. फोटोत गॉगल नको, हात कमरेवर नको, मागे बैल नको. शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. बंदूक घरात कुलपात ठेवीन अशी हमी. आणि वैद्यकीय दाखला, ज्यात मनाची प्रकृतीही येते. डॉक्टर सहज विचारतील, ‘बंदूक कशाला हवी?’ ‘पिकासाठी’ म्हणा. मग ते विचारतील, ‘कोणतं पीक?’ इथे क्षणभरही थांबू नका. थांबलात तर ते काहीतरी लिहून घेतात.

अर्ज कुठे द्यायचा, हेही नीट पाहा. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं आणि चाकण त्यात गेलं. राजगुरुनगर पुणे ग्रामीणमध्येच राहिलं. त्यामुळे तुम्ही राहता आयुक्तांच्या हद्दीत, मेव्हण्याचा भुईमूग ग्रामीणमध्ये, आणि डुक्कर दोन्हीकडे जाऊन येऊन. डुकराला हद्द लागू नाही. तुम्हाला आहे.

मग पोलीस चौकशी. नियमांत अहवालाला तीस दिवसांची मुदत आहे. ती वाचून समाधान माना, कॅलेंडरवर खूण करू नका. चौकशीच्या आधी भाच्याचा मोबाइल मागून घ्या आणि त्याने टाकलेली रिळं नजरेखालून घाला. तुम्ही केक तलवारीने कापता आहात, मागे गाणं ‘भाई’चं, शेजारी उभ्या मुलाच्या हातात कोयता : एवढ्या पुराव्यावर तुमच्या पिकाला कुणापासून धोका आहे, हे अधिकाऱ्याच्या चटकन लक्षात येतं.

परवाना निघाला तर पाच वर्षांचा. पूर्वी तीन वर्षांचा असायचा, २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचावर नेला. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली. दुसऱ्या शस्त्राची काळजी आत्ता नको, शेठ. पहिल्याचं पान उलटू द्या.

पायरी ५ : बार भरा

बंदूक आली. घरच्यांना बाजूला करा, विशेषतः भाच्याला.

दस्ता जमिनीवर टेकवा. नळीचं तोंड वर आणि आपल्या तोंडापासून लांब. ही सूचना तुम्हाला बालिश वाटेल. वाटू द्या, पण पाळा. मापाने दारू नळीत सोडा. वरून चिंधी सारा, जुन्या धोतराची असेल तर उत्तम. हल्ली धोतर मिळत नाही, आणि नायलॉनचा ट्रॅकसूट चालत नाही. गज घालून ठासा. छर्रे सोडा. पुन्हा चिंधी. पुन्हा गज. आता गज बाहेर काढा. हे वाक्य परत वाचा. गज नळीतच विसरून चाप ओढणारे शिपाई जगातल्या प्रत्येक सैन्यात होऊन गेले. गज लांब जातो, मान नव्हे.

आता केप. तांब्याची इवलीशी टोपी, मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती दोन बोटांच्या चिमटीत धरून घोड्याखालच्या तोटीवर बसवायची असते. तुमच्या उजव्या हातात चार अंगठ्या आहेत. पुष्कराज तर्जनीत आहे, तीच चिमटीची तर्जनी. केप पडेल. वाकून शोधाल, साखळी दस्त्यावर आपटेल. दुसरी घ्या. तीही पडेल. ज्योतिषाला विचारून पुष्कराज काही काळ डाव्या हातात घालता येतो का, ते पाहा.

केप बसली. घोडा पूर्ण ओढा, दस्ता खांद्यात घट्ट, नेम धरा, चाप ओढा.

ठक्.

काही झालं नाही. इथे नवशिका बंदूक फिरवून नळीत बघतो. तुम्ही बघू नका. केप वाजून बार उशिराने उडणं हे या बंदुकीचं जुनं व्यसन आहे. नळी समोरच धरून शांत उभे राहा. अर्धं मिनिट जरा जास्तच लांब वाटेल. एवढा वेळ न बोलता तुम्ही शेवटचे कधी उभे होतात, ते आठवा.

मग उडाला तर : खांद्याला धक्का, कानात शीळ, नाकात गंधकाचा वास आणि समोर पांढरा धूर. धुरापलीकडे काय झालं, ते धूर विरल्यावर कळतं. कवायतीत मुरलेला शिपाई अशा बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. तुम्ही कवायत केलेली नाही. तेवढ्या वेळात डुक्कर मेव्हण्याचा भुईमूग संपवून ग्रामीण हद्दीतून आयुक्तालयाच्या हद्दीत दाखल होतं.

पायरी ६ : पाऊस आला तर घरी या

काळी दारू ओल धरते. ओली झाली की बार फुसका. याचा सर्वांत मोठा प्रयोग चाकणमध्येच झाला आहे, आणि तुम्ही रोज त्याच्या शेजारून जाता.

संग्रामदुर्ग. भुईकोट, ना डोंगर ना कडा. १६६० च्या जूनमध्ये शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि साडेतीनशेच्या आसपास माणसं, बाहेर मुघलांची प्रचंड फौज आणि तोफखाना. अंदाज असा की दोन-चार दिवसांत आटपेल. वर चाकणचा पाऊस. वेढा जवळजवळ दोन महिने चालला. शेवटी मुघलांनी बुरुजाखालपर्यंत भुयार खणलं, त्यात सुरुंग ठासला आणि १४ ऑगस्टला बुरुज उडवला. फिरंगोजींच्या लोकांनी खिंडार अडवून ती रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी किल्ला खाली केला. खानाने फिरंगोजींना चाकरी देऊ केली, त्यांनी ती नाकारली. शिवाजी महाराजांनी पुढे त्यांना भूपाळगड सांभाळायला दिला.

नवशिक्यांनी यातून दोन धडे घ्यावेत. पहिला : चाकणमध्ये काम बंदुकीने होत नाही, खोदकामाने होतं. तेव्हापासून इथलं खोदकाम थांबलेलंही नाही. दुसरा धडा फिरंगोजींचा आहे. ज्याच्याकडे शस्त्रं कमी आणि कारण पक्कं, त्याने दोन महिने काढले. तुमच्याकडे शस्त्र येईल, शेठ. कारणाचं बघा.

पायरी ७ : नेम कशावर?

बार भरलेला आहे, हवा कोरडी आहे. आता मारायचं काय, याची यादी :

रानडुक्कर : तुमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे, डुकराचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो, कारणासह. हुकूम डुकराच्या आधी पोहोचला तर पुढे जा.

बिबट्या : खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात आहे, शेडच्या कॅमेऱ्यातही दिसतो. पहिल्या अनुसूचीतलं जनावर. त्याच्याकडे नळी वळवायचा विचारही नको. एकच बार, मग पुन्हा दारू, चिंधी, गज, छर्रे, चिंधी, गज, केप. बिबट्या एवढं सगळं बघत बसत नाही.

लग्न, वरात, घाटातला पहिला नंबर, भाऊंचा वाढदिवस : खरं तर तुम्ही बंदूक घेतली ती याचसाठी. पण आनंदाच्या भरात हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डीजेचा आवाज तसाही मोठा असतो, तुमचा बार कुणाला ऐकू जाणार?

शेजाऱ्याचा बोकड : बांधावरून भांडण असलं तरी नाही.

पत्र्याचा रिकामा डबा : परवान्याच्या हद्दीत, मागे मातीचा बांध असेल तर बघा. इथे मागे बांध कुठे असतो? मागे कंपनी असते, आणि कंपनीत तिसरी पाळी.

उरलं काय? उभं राहून, गुडघ्यावर बसून, पालथं पडून, अशा नेमबाजीच्या तीन पोझिशन आहेत. याच तीन पोझिशनच्या स्पर्धेत २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने ब्राँझ आणलं. चौथी पोझिशन, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून, तुम्हाला ग्रामपंचायतीच्या राजकारणापासून येतेच. तिला परवानाही लागत नाही.

पायरी ८ : आंघोळ घाला

एक बार जरी उडाला तरी त्याच दिवशी बंदूक धुवायची. काळ्या दारूची राख नळीत क्षार सोडून जाते. क्षार हवेतली ओल ओढतात आणि रात्रीतून गंज चढतो. गरम साबणाचं पाणी नळीत ओता, गजाला चिंधी बांधून घासा. पाणी काळं निघेल, सडक्या अंड्याचा वास येईल. स्वच्छ पाणी येईपर्यंत ओतत राहा. कोरडं करा, तेल लावा. पाणी तापवायला घरातलं नेहमीचं पातेलं घेऊ नका. या बंदुकीने आतापर्यंत घडवलेली बहुतेक युद्धं स्वयंपाकघरातच झालेली असतात.

एक सोपा उपाय आहे. बारच काढायचा नाही. बहुतेक जाणकार हेच करतात.

पायरी ९ : निवडणूक आली, बंदूक चालली

आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. लोकसभा, विधानसभा, महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद. आपल्याकडे एक संपते तोवर दुसरीचे फ्लेक्स लागतात. म्हणजे गावात ज्या काळात सर्वांत जास्त लोक जमतात, जेवणावळी होतात, हार घातले जातात, नेमकी त्याच काळात तुमची शान ठाण्याच्या कोठीत पडलेली असते, पावतीसह. पावती जपून ठेवा. हवी तर लॅमिनेट करून थारच्या काचेला लावा. तेवढंच दिसतं.

मधली खिडकी : तरीही परवडत नसेल तर

छर्‍याची बंदूक, म्हणजे एअर रायफल, घ्या. बोअर पॉइंट १७७ पेक्षा मोठा नको आणि जोर वीस जूलपेक्षा जास्त नको. या मर्यादेत परवाना लागत नाही. डुक्कर हसेल, पण ते तसंही हसतच होतं.

नेम खरोखर शिकायचा असेल तर बालेवाडीच्या क्रीडासंकुलात शूटिंग रेंज आहे. चाकणहून नाशिक फाट्याच्या कोंडीतून जावं लागतं, ही एकाग्रतेची पहिली परीक्षा. तिथे आठवीतली मुलगी श्वास रोखून तुमच्यापेक्षा चांगला नेम मारताना दिसेल. साखळी काढून आत जा.

आजोबांची गंजलेली ठासणी माळ्यावर असेल तर ती दिवाणखान्यात टांगण्याआधी जपून. दुरुस्त करूनही चालणार नाही अशीच असेल तर कायदा तिला सोडतो. दुरुस्त होऊन चालू शकत असेल तर नाही. आणि चाकणमध्ये दुरुस्त न होणारी वस्तू कुठली? शेजारच्या वर्कशॉपमध्ये जर्मन गाडीचे पार्ट बनतात.

पायरी १० : वारस नेमा

सगळं करून झालं. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बायकोकडे. एकही बार उडालेला नाही, एकही डुक्कर मेलेलं नाही, परवान्याचं नूतनीकरण वेळेवर झालं आहे. तुम्ही आता नवशिके राहिला नाहीत. पुढच्या पिढीचं बघा.

२०१६ च्या नियमांप्रमाणे तुम्ही सत्तरीचे झालात किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा ती वारसाच्या नावावर करायला अर्ज देता येतो. जमिनीची वाटणी करता आली, बंदुकीची येणार नाही. नळी थोरल्याला आणि दस्ता धाकट्याला, असा फेरफार तलाठीही ओढणार नाही. म्हणून एकाच्या नावावर करायची आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर घ्यायची. धाकटा सहीच्या बदल्यात थार मागेल. देऊन टाका.

मग थोरल्याची नवी फाईल उघडेल, आणि त्यालाही पहिल्या पानावर तोच रकाना भरावा लागेल : बंदूक कशासाठी? तुमचा अनुभव त्याच्या उपयोगी पडावा असं वाटत असेल तर आजच एक काम करा. बिल्डर परवा येतोय ना, विहिरीजवळच्या शेवटच्या दहा गुंठ्यांसाठी? त्याला चहा पाजा, दुपारचं जेवणही घाला आणि परत पाठवा. त्या दहा गुंठ्यांत भुईमूग टाका. डुकरं आपोआप येतील.